फळ आईचं, बी लेकराचं : भाजी-फळांतून मुलांना आनुवंशिकता शिकवताना

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा आहे. दहावीत तोच विषय उत्क्रांतीला जोडून पुन्हा येतो. मेंडेल, वाटाणा, ३:१ हे लेकरांना तोंडपाठ असतं. पण त्याच लेकरापुढे चिरलेला केशर आंबा ठेवा आणि विचारा, “या आंब्याच्या फुलावर बांधावरच्या गावरान आंब्याचे परागकण पडले असतील, तर हा आंबा आंबट निघेल का?” बहुतेक लेकरं ‘निघेल’ म्हणतात. मोठी माणसंही हेच म्हणतात.

तो आंबट निघणार नाही. आपण खातो तो गर आणि त्यावरची साल हे दोन्ही आईच्या झाडाचे भाग आहेत. बापाकडून, म्हणजे परागकण देणाऱ्या झाडाकडून जे आलं, ते कोयीच्या आतल्या गर्भात असतं. ते दिसायचं तर कोय पेरावी लागते आणि झाड मोठं व्हावं लागतं. फळ आईचं आणि बी लेकराचं, एवढं मुलांच्या मनात पक्कं बसलं की पुढचा सगळा विषय सोपा होतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती बांधल्या आहेत. घरी एका-दोघांसोबत करा किंवा शाळेच्या परसबागेत वर्गासोबत करा, फरक पडत नाही.

सुरुवात कधी करायची, हे मराठवाड्यात पाण्यावर ठरतं. पेरणीचे प्रयोग मृगाच्या पावसानंतर किंवा दिवाळीनंतर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना मुलांना रोपं लावायला सांगू नये. अर्धी रोपं वाळतात आणि लेकरं हिरमुसतात. उन्हाळ्यात फक्त चिरायचे आणि बघायचे प्रयोग करावेत. त्यासाठी आंबा, टरबूज आणि खरबूज भरपूर असतातच.

पायरी पहिली : आठवडी बाजारातून जोड्या आणा

मुलांना सोबत घेऊन बाजारात जा आणि एकाच भाजीचे दोन-दोन प्रकार घ्या. जांभळं काटेरी वांगं आणि हिरवं वांगं. बुटकी तिखट मिरची आणि लांब, कमी तिखट मिरची. लाल देठाची अंबाडी आणि हिरव्या देठाची अंबाडी. गुळगुळीत गोल टोमॅटो आणि घड्या पडलेला चपटा गावरान टोमॅटो. नेहमीची पाच शिरांची भेंडी, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पाटीत सापडली तर जास्त शिरांची गावरान भेंडी. प्रत्येकी एक-दोन नग पुरे. सगळं संध्याकाळी भाजीला जातं, त्यामुळे वाया काही जात नाही.

वहीत तक्ता आखायचा : रंग, आकार, काटे, शिरा, बियांची संख्या, वास, चव. भेंडी आडवी कापून शाईत बुडवून ठसा घ्या, म्हणजे शिरा मोजायला चुकत नाहीत. लहान मुलांना, सहा ते नऊ वर्षांच्या, इथपर्यंत आणलं तरी चालेल. त्यांनी ‘एकाच भाजीत इतके फरक असतात’ हे डोळ्यांनी पाहिलं, हेच त्यांचं शिक्षण.

चव घेताना एक काळजी घ्या. दुधी, दोडका किंवा काकडी कडू लागली तर लगेच थुंकायला सांगा. कडू दुधी तर अजिबात पोटात जाऊ देऊ नका. त्यातल्या कडू द्रव्यांनी विषबाधा होते. आणि मिरचीच्या बिया मोजलेल्या हातांनी डोळे चोळले जाणार, हे धरूनच चाला. आधी मिरची, मग हात धुणं, मग बाकीच्या भाज्या.

पायरी दुसरी : हे बियांतून आलं की शेतातून?

आता तक्त्यातल्या एकेका लक्षणापुढे प्रश्नचिन्ह काढायचं. भेंडीच्या शिरा बियांतून आल्या की जमिनीतून? वांगं बारकं राहिलं ते वाणामुळे की पाणी कमी पडल्यामुळे? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना भांडू द्या. पाच शिरांच्या भेंडीला कितीही शेणखत घातलं तरी तिला आठ शिरा येत नाहीत, पण तिची लांबी मात्र पाण्यावर कमी-जास्त होते, असं एखादं शेतकऱ्याचं लेकरू स्वतःहून सांगतं. तेच ऐकायचं आहे.

यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या देवघरात आहे. नवरात्रात घटात जे धान उगवतं ते पिवळं आणि लांबोळकं असतं. तेच गहू शेतात हिरवे येतात. बी बदललेलं नाही, उजेड कमी पडला. दसऱ्याला घट उठल्यावर त्यातलं थोडं धान मातीसकट डब्यात ठेवून अंगणात ठेवा. काही दिवसांत नवी पानं हिरवी येतील. हिरवं होण्याची ताकद बियांत होतीच, पण उजेडाशिवाय ती दिसली नाही.

दुसरं उदाहरण वांग्याचं. जांभळ्या वांग्याची देठाकडची टोपी अलगद उचला. बऱ्याच वाणांत टोपीखालची साल पांढरट किंवा फिकट असते, कारण तिथे ऊन पोचत नाही. परसबागेत वांग्याचं झाड असेल तर नुकतंच धरलेलं बारकं वांगं चांदीच्या कागदात किंवा जाड कागदाच्या दोन थरांत सैल गुंडाळा आणि आठ-दहा दिवसांनी उघडा. ते फिकट निघालं, तर मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न विचारा : या फिकट वांग्याचं बी पेरलं तर येणारी वांगी फिकट असतील का? नसतील. जांभळा रंग करायची सूचना बियांत जशीच्या तशी आहे, आपण फक्त ऊन अडवलं. हा प्रश्न जमला की लक्षण (जे डोळ्यांना दिसतं) आणि जनुक (बियांतली ती सूचना) यांतला फरक मुलांना व्याख्या न सांगता कळतो.

पायरी तिसरी : फळ चिरा आणि आई-लेकरू वेगळं करा

हा भाग घाईने उरकू नका. आपल्या भागातली तीन फळं इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिला केशर आंबा. मूळ गुजरातच्या गिरनार भागातला, पण आता ‘मराठवाडा केशर’ला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. केशरची कोय पेरली तर केशरच येईल याची खात्री नसते, कारण कोयीतल्या गर्भात बापाचा वाटा आलेला असतो. म्हणून बागायतदार कलम लावतात : खाली गावरान आंब्याचं रोप, वर केशरची काडी. जवळच्या रोपवाटिकेत मुलांना न्या आणि कलमाचा जोड बोटाने चाचपायला लावा. जोडाच्या खालून फुटलेला फुटवा काढून टाकतात, कारण तो गावरानचा असतो. जोडाच्या वरून येणारं प्रत्येक फळ केशरचं. दोन झाडं एका बुंध्यावर उभी आहेत, तरी खालच्याची चव वरच्याच्या फळात उतरत नाही.

जूनमध्ये खाल्लेल्या केशरच्या दहा-बारा कोयी धुऊन लगेच पेरा. वाळल्या की त्या उगवत नाहीत. फळं यायला कित्येक वर्षं लागतात, तेवढं कोण थांबणार? पण कोवळी पानं पुरेशी आहेत. कुणाची तांबूस, कुणाची पोपटी, कुणाचं पान लांब, कुणाचं रुंद. एकाच आईची भावंडं शेजारी-शेजारी उभी असतात आणि त्यांच्यातला फरक दिसतो.

दुसरी जालन्याची मोसंबी. तिनेही भौगोलिक मानांकन मिळवलं आहे. मोसंबीच्या ताज्या, ओल्या बिया डब्यात पेरा. दोन-चार आठवड्यांत काही बियांतून एकाऐवजी दोन-तीन कोंब वर येतात. लेकरं अक्षरशः ओरडतात. अशा बियांत परागकणातून झालेल्या एका गर्भाशिवाय आईच्याच ऊतींपासून तयार झालेले जास्तीचे गर्भ असतात. ती रोपं बापाविना झालेली, हुबेहूब आईसारखी. बागायतदारांच्या तोंडी असलेली ‘न्यूसेलर मोसंबी’ ती हीच. कागदी लिंबाच्या बियाही असंच करतात.

तिसरं सीताफळ. बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे, आणि बालाघाटच्या डोंगरात ती रानोमाळ बियांवरच वाढलेली असतात. एका झाडाची दोन-तीन फळं आणि दुसऱ्या झाडाची दोन-तीन फळं वेगळ्या पिशव्यांत आणा. डोळे उघडले की नाही, गर किती, बिया किती, रवाळ की बुळबुळीत, हे लिहून काढा. एकाच झाडाच्या फळांत फरक थोडा असतो, दोन झाडांच्या फळांत जास्त. सगळी फळं एकाच आईची असतील तर ती सारखी का, हे मुलं आता स्वतः सांगतात. सीताफळाच्या बिया मात्र मोजून झाल्या की मोठ्यांनी ताब्यात घ्याव्यात. त्या फुटल्या आणि त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

नियमाला एक अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, नाहीतर सिल्लोडकडचं एखादं मक्याच्या शेतातलं पोरगं तुम्हाला अडवेल. पांढऱ्या मक्याजवळ पिवळा मका असेल तर पांढऱ्याच्या कणसात पिवळे दाणे दिसतात. कारण साधं आहे : मक्याचा दाणा म्हणजेच बी, आणि आपल्याला त्याच्या आतल्या भागाचा रंग दिसतो. त्या भागात बापाचाही वाटा असतो. एका कणसावर शेकडो लेकरं दाटीवाटीने बसलेली असतात आणि प्रत्येकाचा बाप वेगळा असू शकतो. खरं तर हा अपवाद नाहीच, आपला मूळ नियम याने आणखी पक्का होतो.

‘काकडीशेजारी खरबूज लावलं की खरबूज फिकं होतं’ असं म्हणणारेही भेटतात. मुलांना दोन कारणं शोधायला सांगा. एक, काकडी आणि खरबूज यांचा संकर होतच नाही, त्या वेगळ्या प्रजाती आहेत. दुसरं कारण त्यांना एव्हाना माहीत आहे.

पायरी चौथी : तेलाच्या डब्यात लाल माठ

पेरणीची पहिली ओळख झटपट फळ देणारी हवी. रिकामा तेलाचा डबा आडवा कापून तळाला भोकं पाडा, माती भरा, मधोमध काडीने रेघ ओढा. एका बाजूला लाल माठ, दुसऱ्या बाजूला हिरवा माठ. बी बारीक असतं, वर मातीचा पातळ थरच पुरे. आठवड्याच्या आत रोपं वर येतात आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे रंग वेगळा दिसतो. माती, पाणी आणि ऊन सगळं एकच. मग रंग कुठून आला? लाल आणि हिरव्या देठाच्या अंबाडीचंही असंच करता येतं.

पायरी पाचवी : गावरान आणि संकरित टोमॅटो

‘पेरावं तसं उगवतं’ ही म्हण तपासून बघायची ही पायरी आहे. जालन्याला बियाणांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि बियाणे क्षेत्रातल्या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘संकरित’ हा शब्द आपल्या लेकरांना नवा नाही. पण संकरित बी दर वर्षी नवं का घ्यावं लागतं, हे विचारलं की घरोघरी ‘कंपनीवाले तसंच करतात’ असं उत्तर मिळतं. खरं कारण टोमॅटोत बघता येतं.

पूर्ण पिकलेला एक संकरित टोमॅटो आणि एक गावरान टोमॅटो घ्या. बिया गरासकट वेगवेगळ्या पेल्यांत काढून थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवा. वर फेस येतो, बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवा. ही मेहनत टाळायला गावरान टोमॅटोचं पाकीट दुकानातून आणलंत, तर त्या बियांना बहुधा गुलाबी किंवा हिरवं औषध चोळलेलं असतं. त्यांना मुलांनी हात लावू नये आणि चाखायचा तर प्रश्नच नाही.

रोपं पंचवीस-तीस दिवसांची झाली की लावणी. शाळेत जागा असेल तर प्रत्येकी वीस तरी रोपं लावा. तीन-चार रोपांत काहीच सिद्ध होत नाही. गावरानची रोपं एकमेकांसारखी येतात. टोमॅटोचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागकणांनी फळतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बी एकसारखं झालेलं असतं. संकरित टोमॅटोच्या बियांतून मात्र कुणी उंच, कुणी बसकं, कुणाचं फळ लांबट, कुणाचं गोल असे फरक निघतात. संकरित पिकाची पहिली पिढी एकसारखी असते, कारण प्रत्येक झाडाला दोन निवडक आईबापांकडून तोच वाटा मिळालेला असतो. पुढच्या पिढीत ते वाटे फुटतात आणि नव्याने जुळतात. शेतकऱ्याला दर वर्षी बी का घ्यावं लागतं, याचं उत्तर हे आहे. आणि गावरान बी घरच्या घरी का जपता येतं, याचंही.

पायरी सहावी : वाटाणा, हरभरा आणि चिंचोके

आता मेंडेल. ब्रनो इथल्या मठात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, ग्रेगॉर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. निष्कर्ष १८६६ मध्ये छापले गेले. ते वारले १८८४ मध्ये आणि जगाने दखल घेतली १९०० मध्ये. मुलांना हे आवर्जून सांगावं.

किराणा दुकानातला वाळका वाटाणा गोल असतो. बियाणांच्या दुकानातला ‘अर्केल’ वाटाणा सुरकुतलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवा (अर्केल बंद बाटलीत). सुरकुतलेल्या दाण्यात एक विकर (एन्झाइम) काम करत नाही, म्हणून साखरेचं पिष्ट कमी बनतं. कोवळेपणी साखर आणि पाणी जास्त, वाळला की आकसतो. हिवाळ्यातला मटार गोड लागतो त्यामागे हेच आहे. एकाच जनुकाचा परिणाम डोळ्यांना सुरकुती म्हणून आणि जिभेला गोडी म्हणून कळतो.

मेंडेल यांनी गोल आणि सुरकुतलेल्यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या दाण्यांच्या झाडांवर पुढच्या पिढीचे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. भागाकार मुलांना करू द्या, २.९६ येतो. आणि इथे परत तेच विचारा : एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी कसे? शेंग आईची, दाणे लेकरं.

हे प्रमाण कुठून येतं, ते दोन पिशव्यांत दाखवा. प्रत्येक पिशवीत वीस चिंचोके, त्यातल्या दहांवर चुन्याचा ठिपका. एक पिशवी आई, दुसरी बाप. डोळे मिटून दोन्हींतून एकेक चिंचोका काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा. साधा चिंचोका म्हणजे गोल, ठिपक्याचा म्हणजे सुरकुतलेला. दोन्ही ठिपक्यांचे निघाले तरच दाणा सुरकुतलेला, एरवी गोल. एकट्याच्या वीस वेळांत प्रमाण वेडंवाकडं येतं. साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की ते तीनास एकच्या जवळ सरकतं. मेंडेल यांना हजारो दाणे का मोजावे लागले, हे तेव्हा कळतं.

डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या शेताची एक चक्कर चुकवू नका. साध्या तपकिरी हरभऱ्याला गुलाबी-जांभळट फूल येतं, डॉलर हरभऱ्याला पांढरं. फुलाचा रंग बघून दाण्याचा रंग सांगायची पैज लावा. दोन्ही रंग एकाच कारणाने जोडलेले आहेत, आणि मेंडेल यांनाही वाटाण्यात फुलाच्या नि सालीच्या रंगाची अशीच जोडी दिसली होती.

‘प्रभावी’ या शब्दाशी थोडं थांबा. पहिल्या पिढीत दिसतं ते प्रभावी लक्षण, जसा गोल दाणा; दडून राहतं ते अप्रभावी, जशी सुरकुती. मुलांना प्रभावी म्हणजे चांगलं, अप्रभावी म्हणजे हलकं असं वाटतं. गोड मटार अप्रभावी आहे, एवढं दाखवलं की पुरे. आणि ‘अस्सल बी’, ‘भेसळ’, ‘खाण तशी माती’ ही बोली माणसांवर येऊ लागली तर तिथेच अडवा. वर्गात कुणाच्या रंगाची, नाकाची, आईबापांची तुलना करू नका. कुणी दत्तक असतं, कुणाचं घर मोडलेलं असतं. शिवाय माणसाचा रंग-उंची एका जनुकावर ठरत नाही, त्यामुळे ती तुलना शास्त्र म्हणूनही चुकीची आहे. विषय झाडांचा आहे, झाडांपुरताच ठेवा.

पायरी सातवी : भेंडीचा संकर, आठवी-नववीच्या मुलांसाठी

परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली. पूर्वीची लोकप्रिय ‘पुसा सावनी’ केवडा रोगाला बळी पडत होती. पानांच्या शिरा पिवळ्या पडत आणि झाड वाया जाई. रोगाला टिकणारी भेंडीची एक रानटी बहीण शोधून तिच्याशी संकर केला गेला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा पुसा सावनीशी जोडत नेल्या. चव बागेतली आणि काटकपणा रानातला, असा वाण निवडून काढला. हे काम हातांनी, फूल उघडून झालं, आणि तसं फूल आपली मुलंही उघडू शकतात.

एका वाफ्यात हिरवी भेंडी, दुसऱ्यात लाल भेंडी लावा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फुलं येतात. उद्या उमलणारी, टोकाला पिवळसर दिसणारी टप्पोरी कळी संध्याकाळी हिरव्या झाडावर निवडा. पाकळ्या अलगद उघडून मधल्या नळीवरचे सगळे परागकोश चिमट्याने काढा. टोकाची गडद कुक्षी (परागकण धरून घेणारा भाग) शाबूत ठेवा. वर कागदी पिशवी, देठाला दोरा. लाल झाडाच्या कळीवरही पिशवी घाला, म्हणजे मधमाशी दुसरं काही आणत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास लाल झाडाचं फूल तोडून त्याचे परागकण कुक्षीवर हलकेच लावा आणि पिशवी परत बांधा. दोन दिवसांनी पिशवी काढली तरी चालते. भेंडीची लव टोचते, हातमोजे द्या. पाच-सहा फुलं करा, सगळी धरत नाहीत.

धरलेली भेंडी हिरवीच वाढेल, आणि बाप लाल असून ती हिरवी का, हे आता मुलांना विचारायची गरज उरणार नाही. ती भाजीसाठी तोडायची नाही, झाडावरच महिनाभर वाळू द्यायची. तडकायला लागली की बी काढा. पाकिटावर चार गोष्टी लिहा : आई कोणती, बाप कोणता, संकराची तारीख, लेकराचं नाव. सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकून पाकीट कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या मृगाला ते बी पेरायचं, आणि पहिली भेंडी कोणत्या रंगाची येईल याचा अंदाज आजच त्याच पाकिटाच्या मागे लिहून ठेवायचा.